शुगर, प्रेशर आणि खराब रक्त

"तुम्हाला डायबेटीस आहे का?" मी समोरच्या आजींना विचारलं.

"नाही."

मी फॉर्मवर 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या सिस्टरने हातातलं काम न सोडता, मानही न वळवता विचारलं, "आणि शुगर, मदर?"

"हो, ती आहे ना. अठ्ठ्याण्णव सालापासून."

मी गपचूप खोडरबर शोधायला लागले. फॉर्म पेनने भरत होते हेही लक्षात राहिलं नाही.

ही गोष्ट अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराच्या पूर्व भागातल्या एका चर्चच्या तळघरातली. तळघर म्हणजे अंधारकोठडी नव्हे; आपल्याकडे मंगल कार्यालयात जेवणाचा हॉल असतो तसा लांबट हॉल, घडीची टेबलं, कोपऱ्यात कॉफीचा मोठा थोरला पिंप, आणि डोक्यावर, वरच्या मजल्यावर, गायकवृंदाची तालीम चाललेली. शहरातल्या ब्लॅक नर्सेसचा एक गट महिन्यातल्या एका शनिवारी तिथे येतो. बीपी बघतात, बोटाला टोचून शुगर बघतात, औषधांच्या बाटल्या टेबलावर ओतायला लावून त्यातलं कुठलं औषध कशाचं आहे ते समजावून सांगतात. 'ब्लॅक' हा शब्द मी मुद्दाम तसाच ठेवते आहे. 'कृष्णवर्णीय' हा वर्तमानपत्री शब्द. घरात आपण तो वापरत नाही. घरात आपण जो वापरतो तो कुठल्या सुरात वापरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. त्या स्वतःला ब्लॅक नर्सेस म्हणतात, मीही तेच म्हणेन.

तर शुगर. नागपूरला आमच्या आईला "शुगर निघाली" होती, लॉटरी निघावी तशी. शेजारच्या काकूंना "बीपी होतं", म्हणजे ते फक्त त्यांनाच होतं, बाकीच्यांना नव्हतं. इथे या आज्या म्हणतात, माझं प्रेशर चढलंय, मला शुगर आहे. साता समुद्रापलीकडे, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा-जॉर्जियातून आलेल्या बायका आणि महाल-इतवारीतल्या बायका आजारांना त्याच नावाने हाका मारतात, याचं मला त्या दिवशी इतकं नवल वाटलं की घरी जाऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं. पण प्रश्न विचारताना मात्र मी 'डायबेटीस' म्हणाले होते. कारण मी शिकलेली. आईला मी कधीच "तुला मधुमेह आहे का" असं विचारलं नसतं, आणि इथे मात्र फॉर्मवरचा शब्द जसाच्या तसा वाचला.

मी नर्स नाही. मी रक्तपेढीत काम करते. नागपूरला लॅब टेक्नॉलॉजी शिकले आणि गेली अठरा वर्षं इथल्या एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत रक्तगट, क्रॉसमॅच, अँटीबॉडी यांच्या नळ्या हलवते आहे. माणसांशी संबंध फोनपुरता. वॉर्डातून नर्सचा फोन येतो, "युनिट तयार झालं का?" आणि मी सांगते, "अजून नाही." सिकलसेलच्या, म्हणजे लाल पेशी वाकड्या करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, पेशंटचं रक्त असलं की हे 'अजून नाही' फार लांबतं. त्यांना वरचेवर रक्त चढवावं लागतं, आणि दर वेळी परकं रक्त आत गेलं की शरीर त्यातल्या बारीकसारीक खुणा लक्षात ठेवून त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. म्हणून नुसतं ए, बी, ओ जुळवून भागत नाही. मोठा सी, मोठा ई, केल अशा खुणाही बघाव्या लागतात. अशा पेशंटला जुळणारं रक्त ब्लॅक रक्तदात्यांमध्ये मिळण्याची शक्यता पुष्कळ जास्त. अमेरिकन रेड क्रॉसचा हिशोब असा की तीनातला एक ब्लॅक रक्तदाता सिकलसेलच्या पेशंटला जुळतो.

हे सगळं मला पाठ होतं. एका रात्री फोनवर मी ते एका नर्सला ऐकवलंही, जरा शिष्टपणे, की दातेच नाहीत तर मी काय करू. ती पलीकडून म्हणाली, "शनिवारी मोकळी आहेस? ये, दाते कुठून येतात ते बघ."

मी गेले ते खरं सांगायचं तर चिडून.

आणि गेले म्हणजे कुठे, तर हॉस्पिटलपासून सहा गल्ल्यांवर. अठरा वर्षं मी कायाहोगा नदीच्या पश्चिमेकडून गाडीने येते, महामार्गावरून उतरते, थेट पार्किंगच्या इमारतीत शिरते, काचेच्या पुलावरून लॅबमध्ये जाते आणि त्याच वाटेने परत. आमच्या ओळखीतली मराठी मंडळी पश्चिमेला किंवा लांबच्या उपनगरांत राहतात. देऊळ पार्मा नावाच्या उपनगरात, किराणा पार्म्याच्या आसपास. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा एका हितचिंतक जोडप्याने जेवायला बोलावून नकाशाच समजावला होता. कुठे घर घ्यायचं, कुठे नाही, आणि अमुक रस्त्याच्या पलीकडे संध्याकाळी थांबायचं नाही. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीबद्दल आपल्याला लहानपणी असंच, कारण न सांगता समजावलेलं असतं. ते समजण्याची आपल्याला चांगली सवय आहे.

पहिल्या शनिवारी मला बीपीच्या टेबलावर बसवलं, कारण तिथे चूक करायला फारसा वाव नाही असं त्यांना वाटलं असावं. मी तिथेही केली. एक धिप्पाड गृहस्थ आले, ट्रकवर काम केलेले दंड. मी टेबलावर होता तो कफ, म्हणजे बीपीच्या मशीनचा दंडाला बांधायचा पट्टा, गुंडाळला, तो जेमतेम चिकटला, बटण दाबलं. १६८. त्यांचा चेहरा उतरला, माझाही. मी घाईने वरिष्ठ सिस्टरला बोलावलं. त्या सत्तरीच्या पुढच्या, चाळीस वर्षं आयसीयूत काढलेल्या, गळ्यात स्टेथोस्कोप आणि चष्म्याची साखळी एकमेकांत गुंतलेली. त्या आल्या, आकड्याकडे बघितलंही नाही. दंडाकडे बघितलं. माझ्या मागच्या खोक्यातून मोठा कफ काढला, त्या गृहस्थांना म्हणाल्या, "आमची चूक. बसा निवांत." पाच मिनिटांनी हाताने, पंप दाबत, कानाने ऐकत मोजलं. १४६.

'आमची चूक' म्हणाल्या, 'हिची' नाही. मला नंतर कोपऱ्यात नेऊन मात्र नीट सुनावलं. तोकडा कफ दंडाला आवळतो आणि आकडा फुगतो. जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०२३ मध्ये हे मोजून दाखवलं आहे: ज्यांना सगळ्यात मोठा कफ लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी १९-२० ने जास्त येतो. म्हणजे एखाद्याला नसलेलं दुखणं चिकटवता येतं. सिस्टर म्हणाल्या, "आमच्या माणसांच्या अंगावर मशीन बसत नाही तेव्हा लोक माणसाला दोष देतात."

हे वाक्य मी तेव्हा जरा जास्तच नाटकी आहे असं समजले. मग मला ऑक्सिमीटर आठवला. कोविडात आपण सगळ्यांनी बोटाला लावलेली ती चिमटी. २०२० च्या डिसेंबरमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की त्वचेचा रंग गडद असेल तर ती चिमटी फसते. रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असताना आकडा ठीक दाखवण्याचं प्रमाण ब्लॅक पेशंटांमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. तो अभ्यास मी तेव्हा वाचला होता, लॅबमध्ये त्यावर चर्चाही झाली होती. आणि त्याच महिन्यात गावाकडे, माझ्या काळ्यासावळ्या मामाच्या बोटाला लावलेल्या चिमटीचा आकडा व्हॉट्सअपवर बघून मी सगळ्यांना धीर देत होते. मामा वाचला. पण ही दोन टोकं माझ्या डोक्यात त्या तळघरात येईपर्यंत एकमेकांना भेटली नव्हती.

बीपीच्या टेबलावरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ती आधीची पाच मिनिटं. नियमच आहे: पाठ टेकून, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नाही, दंड छातीच्या उंचीवर, आणि बोलायचं नाही. दवाखान्यात हे कुणी पाळत नाही, वेळ कुठे असतो. इथे पाळतात. एक नर्स समोर बसते, काही विचारत नाही, फोन बघत नाही. पाच मिनिटं दोन माणसं समोरासमोर गप्प. सुरुवातीला लोक चुळबुळ करतात. मग खांदे खाली येतात. एक बाई तेवढ्यात झोपून गेल्या. तिघांची रांग थांबली, पण त्यांना कुणी उठवलं नाही.

हाच गट न्हाव्यांच्या दुकानांतही बसतो. त्यालाही आधार आहे. लॉस एंजेलिसमध्ये ५२ ब्लॅक न्हाव्यांच्या दुकानांत ३१९ गिऱ्हाइकांवर एक प्रयोग झाला होता, तो २०१८ मध्ये छापून आला. तिथे नर्स नव्हे, औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन औषधं लिहून द्यायचे, आणि न्हावी "अरे, घेतोस की नाही गोळ्या" म्हणून पिच्छा पुरवायचा. सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला; जिथे न्हावी फक्त सल्ला देत होता तिथे ९ ने. डोक्याला वस्तरा लागलेला असताना माणूस खोटं बोलत नाही, असं आमच्या सिस्टर म्हणतात. मी त्या दुकानांत गेलेले नाही. न्हाव्याच्या दुकानात बाईमाणसाने जाऊन बसायचं, ही माझी नागपुरी अडचण अजून सुटलेली नाही.

आता या बायका वेगळी चूल का मांडून आहेत, हा प्रश्न आमच्याकडे हमखास निघतो. "त्यांनाच का वेगळी संघटना लागते?" मीही विचारलेला आहे, मनात. हॉलच्या भिंतीवर एक चौकट टांगलेली असते, दर वेळी गाडीतून आणतात आणि परत नेतात, त्यात मेरी एलायझा माहोनी यांचं चित्र. १८७९ मध्ये बॉस्टनच्या एका स्त्रियांच्या हॉस्पिटलमधून रीतसर प्रशिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या त्या अमेरिकेतल्या पहिल्या ब्लॅक नर्स. त्यांच्या तुकडीत ४२ जणी दाखल झाल्या होत्या, शेवटपर्यंत टिकल्या चार. पुढे १९०८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्लॅक नर्सेसची पहिली राष्ट्रीय संघटना निघाली, कारण मोठ्या संघटनेची दारं कित्येक राज्यांत बंद होती. दुसऱ्या महायुद्धात जखमींना नर्सेस पुरत नव्हत्या, तरी लष्कर मूठभर ब्लॅक नर्सेस घेऊन थांबलं होतं. मेबल स्टॉपर्स यांनी त्यासाठी थेट अध्यक्षांच्या घरापर्यंत धडका मारल्या आणि १९४५ च्या जानेवारीत ती अट गेली. मग दारं उघडली, आणि १९५१ मध्ये संघटनेने स्वतःला विसर्जित केलं. आता सगळे एकच, म्हणून.

वीस वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं की एक झालो म्हणजे दिसेनासे झालो. मोठ्या सभेत त्यांच्या वस्तीतले प्रश्न कुणाच्या विषयपत्रिकेवरच नव्हते. तेव्हा १९७१ च्या डिसेंबरात काही जणी पुन्हा एकत्र बसल्या, डॉ. लॉरान सॅम्स यांच्या पुढाकाराने, मॅटीडना जॉन्सन नावाच्या नर्सच्या घरी. आणि ते घर क्लीव्हलंडमध्ये होतं. आज देशभर ज्या ब्लॅक नर्सेस असोसिएशनच्या शाखा आहेत, ती या गावात, एका बैठकीच्या खोलीत सुरू झाली. अठरा वर्षं मी या गावात राहते. रॉक अँड रोलचं संग्रहालय पाहुण्यांना दाखवून दाखवून मला पाठ झालंय, हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर सातच महिन्यांनी, १९७२ च्या जुलैमध्ये, टस्कीगीची बातमी फुटली.

इथे मला थांबायला हवं, कारण त्या तळघरातली प्रत्येक गोष्ट, कॉफीच्या पिंपापासून टोचायच्या सुईपर्यंत, या बातमीच्या सावलीत चालते. अलाबामाच्या मेकन काउंटीत, म्हणजे टस्कीगी ज्या जिल्ह्यात आहे तिथे, सरकारच्या आरोग्य खात्याने १९३२ मध्ये ६०० ब्लॅक पुरुष गोळा केले. ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता, २०१ जणांना नव्हता. त्यांना सांगितलं गेलं की तुमचं 'बॅड ब्लड' आहे, रक्त खराब आहे, आणि सरकार फुकट उपचार करतंय. उपचार नव्हताच. उपचार न केलेला सिफिलिस माणसाला कसा खात जातो, ते शेवटपर्यंत बघायचं होतं. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा सर्रास उपचार झाला, तरी या माणसांपर्यंत ते येऊ दिलं नाही. चाळीस वर्षं.

'रक्त खराब आहे' हा शब्द मला लागला. आमच्याकडे अंगावर फोड आले की हेच म्हणतात आणि कडुनिंब देतात. मेकन काउंटीतही हा लोकांचाच शब्द होता. अशक्तपणा, थकवा, काहीही त्यात बसायचं. डॉक्टरांनी तो उचलला. मी शनिवारी शिकले ना, की माणसाशी त्याच्या शब्दांत बोलावं? ते त्यांनाही येत होतं.

आणि या सगळ्याच्या मध्ये एक नर्स होती. युनिस रिव्हर्स. ब्लॅक, टस्कीगीच्याच शाळेत शिकलेली. डॉक्टर येत-जात राहिले, ती टिकली. या माणसांना स्वतःच्या गाडीतून तपासणीला न्यायची, घरच्यांची विचारपूस करायची, कुणाला काही कमी-जास्त लागलं तर बघायची. मेल्यावर शवविच्छेदनाला घरच्यांनी हो म्हणावं म्हणून पुरण्याच्या खर्चाचे पैसे मिळायचे. ती बोलणीही तीच करायची. माणसं या सगळ्या प्रकरणाला 'मिस रिव्हर्स लॉज' म्हणत, जणू एखादं मंडळ. सरकारने त्यांना धाडलेल्या एका चिठ्ठीत पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याच्या तपासणीला 'विशेष मोफत उपचार' म्हटलं होतं. शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ही तुमची शेवटची संधी आहे, नर्सला नक्की भेटा.

मी एकदा कॉफी पिताना त्या सिस्टरांना विचारलं, रिव्हर्सबाईंबद्दल तुम्हाला काय वाटतं. मला वाटलं होतं की त्या एकतर रागावतील, नाहीतर तिची बाजू घेतील: त्या काळी एका ब्लॅक बाईला गोऱ्या डॉक्टरांपुढे काय बोलता आलं असतं. त्या यातलं काहीच बोलल्या नाहीत. कपातली कॉफी गोल गोल फिरवत म्हणाल्या, "ती फार चांगली नर्स होती. तेच तर. मी जे जे करते ते सगळं ती करत होती."

यापुढे मला काही सुचलं नाही. सॅम्सबाईंनी पुढे टस्कीगीच्याच नर्सिंग शाळेचं डीनपद सांभाळलं, हेही या सिस्टरांनीच मला सांगितलं. त्या जागेकडे पाठ फिरवण्यापेक्षा तिथे जाऊन मुली शिकवल्या, एवढंच. त्यावर त्यांनी भाष्य केलं नाही.

सिकलसेलचं मी सांगत होते. विदर्भातल्या कुठल्याही लॅबवाल्याला कोयत्यासारखी वाकलेली ती लाल पेशी ओळखता येते. अमेरिकेत पुस्तकं ती ब्लॅक लोकांच्या नावाने शिकवतात. इथे सुमारे एक लाख पेशंट आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक ब्लॅक. आपल्याकडे ती १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये पहिल्यांदा नोंदली गेली, आणि मग गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नंदुरबार. जिथे जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे तिथे ती आहे, कारण आई-बाप दोघांपैकी एकाकडूनच ती मिळाली तर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं; दोघांकडून मिळाली की दुखणं. डासाला जात कळत नाही. पण नागपूरला आमच्या लॅबमध्ये, गडचिरोलीकडून आलेल्या नळ्या लावताना एक ज्येष्ठ तंत्रज्ञ म्हणायचे, "हा त्यांच्यातलाच आजार." ते वाईट नव्हते. आम्हाला शिकवायचे, डबा वाटून खायचे. 'त्यांच्यातला' म्हणताना त्यांचा आवाजही बदलायचा नाही. आम्ही मुली ते वाक्य वहीत उतरवून घेतल्यासारखं ऐकायचो. एकदा एका मुलीचा रिपोर्ट घेऊन तिचे वडील आले. ती फक्त वाहक होती, आजारी नव्हती, पण ठरलेलं लग्न मोडलं होतं. ते एवढंच विचारत होते की कागदावरचा तो शब्द बदलता येईल का. आमच्यापैकी कुणीही त्यांना वाहक म्हणजे काय ते खुर्चीवर बसवून समजावलं नाही. रिपोर्ट बरोबर आहे, एवढं सांगितलं. मी सांगितलं.

इथेही सत्तरच्या दशकात हाच गोंधळ झाला. सिकलसेलच्या तपासण्यांचा धडाका लागला, वाहक आणि पेशंट यांतला फरक न समजावता कागद हातात दिले, आणि लोकांच्या नोकऱ्या आणि विमे अडकले. म्हणून हा गट रक्तदान शिबिर भरवतो तेव्हा एक टेबल नुसतं बोलायचं असतं. तिथे सुई नाही, कफ नाही. दोन खुर्च्या आणि आई-बापांकडून पोरांकडे आजार कसा जातो ते दाखवायला रंगीत कागदाच्या गोल चकत्या: दोन लाल, दोन पांढऱ्या, आई-बाप, आणि चार पोरं. तरुण जोडपी येतात, चकत्या हलवून बघतात. त्या टेबलावर आता मी बसते. मला ते काम कुणी दिलं नाही, मी मागून घेतलं. नवी जनुकोपचाराची औषधं आली आहेत, २०२३ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, किंमत २२ लाख डॉलर आणि ३१ लाख डॉलर. कुणीतरी विचारतंच. मी आकडा सांगते आणि मग आम्ही दोघंही थोडं हसतो. मग पुन्हा चकत्या.

बाकी कार्यक्रम पुष्कळ. शाळेतल्या मुलींना नर्सिंगची गोडी लागावी म्हणून पुतळ्याच्या छातीवर दाब द्यायला शिकवणं, शिष्यवृत्तीसाठी जेवणावळ, थंडीत मोजे आणि टोप्या. मे महिन्यात गर्भवतींसाठी मोठा सोहळा, आपलं सामूहिक डोहाळजेवणच म्हणा. फक्त ओटीत नारळाऐवजी लंगोटांचं खोकं आणि बाळाला झोपवायची छोटी पेटी. त्यात हसणं-खिदळणं खूप, पण मध्येच दहा मिनिटं कुणीतरी उभं राहतं आणि सांगतं की बाळंतपणानंतर डोकं असह्य दुखलं, पाय एकदम सुजला, दम लागला तर घरी थांबायचं नाही; दवाखान्यात कुणी ऐकलं नाही तर हे वाक्य म्हणायचं, असं शब्दशः वाक्य पाठ करून घेतात. २०२१ मध्ये या देशात दर लाख जन्मांमागे ७० च्या आसपास ब्लॅक माता दगावल्या, गोऱ्या माता २७ च्या आसपास. हे आकडे तिथे कुणी सांगत नाही. तिथे बसलेल्यांना आकडे नकोत, वाक्य हवं.

आणि डीकन. चर्चमधले एक ज्येष्ठ पदाधिकारी, त्यांना सगळे डीकन म्हणतात. ऐंशीच्या घरातले. आई-वडील अलाबामातून आलेले. क्लीव्हलंडच्या या भागात इतकी माणसं तिकडून आली की एकेकाळी याला 'अलाबामा नॉर्थ' म्हणायचे. पहिल्या शनिवारपासून मी त्यांना बघते आहे. चांगला सूट, चकचकीत बूट, ते दारातल्या खुर्चीवर बसतात, आल्या-गेल्याला हात देतात, कॉफी घेतात. बीपी नाही, शुगर नाही, काही नाही. सिस्टर दर महिन्याला त्यांच्याजवळ जाऊन विचारतात, "आज?" ते म्हणतात, "आज नको." सिस्टर म्हणतात, "बरं." बस्स. मी एकदा म्हणाले, जरा आग्रह करा ना, पाय सुजलेले दिसतात. सिस्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चकत्या आवरायला लागले.

सातव्या महिन्यात ते उठून माझ्याच टेबलाशी आले. बीपीच्या रांगेत गर्दी होती आणि शुगरच्या टेबलावरची मुलगी आली नव्हती म्हणून मी तिथे बसले होते. खुर्चीवर बसले, कोट नीट केला, हात पुढे केला. मग मागे घेतला.

"हे जे रक्त घेशील," ते म्हणाले, "ते उरतं. ते कुठे जातं?"

आमच्या लॅबच्या भाषेत याला उत्तर होतं, पण ते मी दिलं नाही. नागपूरला शिकताना प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या 'हेला सेल्स' म्हणून पेशी ऐकल्या होत्या. ते हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका बाईचं नाव आहे, १९५१ मध्ये बाल्टिमोरला तिला न विचारता तिच्या कॅन्सरच्या गाठीतून घेतलेल्या पेशी आहेत, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. तोपर्यंत मला तो एक कोड वाटायचा.

मी त्यांना पट्टी दाखवली. "या टोकाला एक थेंब लागतो. हे मशीन आकडा देतं. मग ही पट्टी आणि ही सुई त्या लाल डब्यात."

"आणि डबा?"

"तो बंद करून जाळायला देतात."

"कोण?"

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या आल्या. त्यांनी त्या कंपनीचं नाव सांगितलं, डबा कुठल्या गाडीतून कोण नेतं ते सांगितलं, त्याची पावती फाइलमध्ये असते म्हणाल्या आणि खरंच फाइल काढून पावती त्यांच्यापुढे ठेवली. मला ती फाइल असते हेच माहीत नव्हतं. डीकननी चष्मा लावून ती वाचली. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मागे रांग वाढत होती. कुणी काही म्हणालं नाही.

मग त्यांनी हात पुढे केला. बोट गार होतं, म्हातारपणाचं, मी ते दोन्ही तळव्यांत धरून थोडं चोळलं, आई हिवाळ्यात आमची बोटं चोळायची तसं. टोचलं. थेंब यायला वेळ लागला. आकडा आला, तो सिस्टरांनी कार्डावर लिहिला, आणि काय तो मी इथे लिहिणार नाही.

मी पट्टी उचलायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. नियमाप्रमाणे पेशंटने ते हाताळायचं नसतं. मी सिस्टरांकडे पाहिलं, त्या कार्डावर पुढच्या महिन्याची तारीख घालत होत्या, मान वर केली नाही. डीकन पट्टी चिमटीत धरून उठले, डब्यापाशी गेले, आत वाकून बघितलं, आणि ती टाकली.

परत येऊन त्यांनी कोट नीट केला. म्हणाले, "सुई राहिली."

"ती मी टाकते," मी म्हणाले.

"टाक. मी बघतो."